श्राद्धाचा मान

जिवंत असता ज्यास ओसरीवरही बसू दिले नाही, त्याच्या नावाने तो गेल्यावर माजघरात पाट मांडावयाचा, पान वाढावयाचे आणि वर डोळे टिपावयाचे, ही रीत जगात नवी नाही. असल्या श्राद्धाच्या मानातून घेणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही. देणाऱ्याच्या मनास मात्र मोठी शांती लाभते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे बेसबॉल या खेळाचे 'हॉल ऑफ फेम', म्हणजे कीर्तिमंदिर, आहे. २४ जुलै २०२२ रोजी त्या मंदिरात जॉन जॉर्डन उर्फ बक ओनील या कृष्णवर्णीय खेळाडूंचा समावेश समारंभपूर्वक करण्यात आला. भाषणे झाली, टाळ्या झाल्या, एक जुना अन्याय दूर झाल्याचे समाधान सर्वत्र व्यक्त झाले. उणीव एवढीच होती की, ज्यांचा सत्कार ते सत्कारास हजर नव्हते. ते ६ ऑक्टोबर २००६ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, वारले होते. आणि त्याच वर्षी, ते हिंडते-फिरते असताना, त्याच मंदिराने त्यांस दारातून परत पाठविले होते.

आम्ही या समारंभाचे अभिनंदन करू शकत नाही. हे विधान कित्येकांस कठोर वाटेल. गौरव झाला तो चांगलाच झाला, उशिरा का होईना झाला, मग त्यात खोड काढण्याचे कारण काय, असा प्रश्न सभ्य मनुष्याच्या तोंडी सहज येतो. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : ओनील यांच्या वाट्यास दोन मोठे मान यावयाचे होते, एक १९६२ साली, दुसरा २००६ साली. पहिल्या वेळी त्यांस पद दिले, पण अधिकार दिला नाही. दुसरा मान दिला तो, घेणारा माणूस उरला नाही तेव्हा दिला. या दोन गोष्टी दिसावयास निराळ्या आहेत. परंतु त्यांचे मूळ एकच आहे. दोहोंतही देणाऱ्याने आपले नाव राखले आणि घेणाऱ्यास रिकाम्या हाताने उभे केले.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस बेसबॉलचा परिचय नसेल, म्हणून दोन शब्द सांगणे अवश्य आहे. एकाने चेंडू फेकावा, दुसऱ्याने तो दांडूने मारावा, आणि मारणाऱ्याने मैदानावरील ठाणी क्रमाने शिवून मूळच्या ठाण्यावर परत यावे, म्हणजे एक धाव होते. अमेरिकन लोक यास आपला राष्ट्रीय खेळ मानीत आले आहेत. परंतु राष्ट्राचा एक मोठा भाग त्यांनी या राष्ट्रीय खेळातून वगळला होता. १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघातून वरच्या दर्जाच्या सामन्यांत खेळला. तो हंगाम संपल्यावर त्या दर्जाच्या संघांची, म्हणजे 'मेजर लीग'ची, दारे कृष्णवर्णीयांस जी बंद झाली, ती १९४७ च्या एप्रिलात जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला तेव्हा उघडली. साठांहून अधिक वर्षे हा बहिष्कार चालला. आणि मौज अशी की, त्याचा लेखी नियम मेजर लीगच्या नियमावलीत नव्हता! मालकामालकांत तो 'सभ्य गृहस्थांचा करार' म्हणून ओळखला जाई. नियम लिहिलेला असता, तर तो कोणी लिहिला असे विचारता आले असते. न लिहिलेल्या नियमास कर्ता नसतो, आणि कर्ता नसला म्हणजे पापाचा धनी शोधावयाचा कोठे?

वगळलेल्यांनी आपले वेगळे घर बांधले. १९२० च्या फेब्रुवारीत कॅन्सस सिटी येथे रूब फॉस्टर नावाच्या कर्तबगार पुरुषाने कृष्णवर्णीय संघांच्या मालकांस एकत्र आणून 'निग्रो नॅशनल लीग' स्थापिली. पुढे अशा आणखी संघटना झाल्या. त्यांचे खेळाडू मोटारगाडीतून गावोगाव हिंडत. दिवसा खेळत आणि रात्री, जी खाणावळ दार उघडील तेथे जेवत. सॅचेल पेज याच्यासारखा गोलंदाज आणि जॉश गिब्सन याच्यासारखा फलंदाज या घरात वाढला. गिब्सन १९४७ च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी वारला. रॉबिन्सनने दार उघडावयास तेव्हा तीन महिने अवकाश होता.

याच घरातले आमचे चरित्रनायक. १३ नोव्हेंबर १९११ रोजी फ्लॉरिडातील कॅराबेल या गावी त्यांचा जन्म झाला आणि बालपण सारासोटा येथे गेले. आजोबा गुलाम होते. वडिलांबरोबर सेलेरी नावाच्या भाजीच्या शेतांत पेट्या उचलण्याचे काम पोरवयातच त्यांच्या वाट्यास आले. गावात हायस्कूल होते, पण ते गोऱ्या मुलांचे. तेथे त्यांस प्रवेश नव्हता. तेव्हा शिक्षणासाठी घर सोडून जॅक्सनव्हिल येथील कृष्णवर्णीयांच्या एडवर्ड वॉटर्स कॉलेजात त्यांस जावे लागले. ज्या हायस्कुलात पाऊल टाकण्याची मनाई होती, त्याच हायस्कुलाने १९९५ साली, ऐंशी ओलांडलेल्या या गृहस्थास बोलावून सन्मानाची पदविका अर्पण केली. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी; कारण पुढे कूपर्सटाउनात जे घडले त्याचा हा लहान नमुनाच आहे. फरक इतकाच की, या शाळेने निदान ते जिवंत असताना ही लाज वाटून घेतली.

१९३८ साली ओनील 'कॅन्सस सिटी मोनार्क्स' या नामांकित संघात गेले. पहिल्या ठाण्यावर ते क्षेत्ररक्षण करीत. १९४३ ते १९४५ या काळात त्यांनी महायुद्धात अमेरिकेच्या नौदलात नोकरी केली. म्हणजे ज्या देशाच्या मैदानावर त्यांस खेळता येत नव्हते, त्या देशाचा गणवेष मात्र त्यांस चालला. १९४८ पासून १९५५ पर्यंत, आठ वर्षे, ते मोनार्क्सचे मॅनेजर होते. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे हिशेब ठेवणारा कारकून नव्हे. कोणी खेळावे, कोणी बसावे, कोणता डाव केव्हा टाकावा, हे सारे ठरविणारा सेनापती होय. एर्नी बँक्स या तरुणास त्यांनी येथेच घडविले. त्यास १९५३ साली शिकागोच्या 'कब्स' संघाने घेतले आणि पुढे तो त्या नगरीचे दैवत झाला. ओनील यांसही कब्सने बोलावले, पण ते नवे खेळाडू हुडकणारा पारखी म्हणून. दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांतून हिंडून त्यांनी लू ब्रॉक यासारखी रत्ने वेचून आणली. बँक्स १९७७ साली आणि ब्रॉक १९८५ साली कीर्तिमंदिरात गेले. शिष्यांस पालखी मिळाली. गुरुजी त्या वेळीही पायीच चालत होते.

आता १९६२ सालाकडे वळू. त्या वर्षी कब्सने ओनील यांस आपल्या प्रशिक्षकमंडळात घेतले. मेजर लीगमध्ये प्रशिक्षकाचे पद मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य येथेच संपते आणि वाचणाऱ्यास धन्यता वाटते. परंतु पद म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. सामना चालू असता दोन प्रशिक्षक मैदानाच्या कडेस, पहिल्या आणि तिसऱ्या ठाण्याजवळ, उभे राहतात. चेंडू कोठे आहे हे धावणाऱ्यास दिसत नाही. त्याने थांबावे की पुढे धावावे, हे ठाण्याजवळचा प्रशिक्षक हाताच्या खुणेने सांगतो. प्रशिक्षकाची सत्ता ती काय एवढ्या चार हात जागेत असते. त्या जागेवर ओनील यांस कधीही पाठविण्यात आले नाही. ह्यूस्टनच्या संघाविरुद्ध एका सामन्यात वादावादी होऊन कब्सच्या दोन प्रशिक्षकांस पंचांनी मैदानाबाहेर घालविले. जागा रिकामी झाली. ओनील बाकावर बसलेले होते. आठ वर्षे स्वतः संघ चालविलेला मनुष्य, केवळ उठून चार पावले टाकावयाची. परंतु गोलंदाजांस शिकविणारा दुसरा एक प्रशिक्षक मैदानाच्या पार कडेला होता, त्यास तेथून बोलावून आणून त्या जागी उभे केले. आणि ओनील बसूनच राहिले.

आमच्या मते या एका प्रसंगात सगळे प्रकरण सामावलेले आहे. त्यांस कोणी शिवी दिली नाही, कोणी हाकलून लावले नाही. यादीत नाव होते, अंगावर गणवेष होता, वेतन मिळत होते. फक्त ज्या कामासाठी ते पद होते, ते काम करू दिले नाही. देवाची मूर्ती घडवावयाची, मखरात बसवावयाची आणि डोळे मात्र उघडावयाचे नाहीत, तशातला हा प्रकार. मेजर लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, १९७५ साली क्लीव्हलंड येथे झाला. तोपर्यंत ओनील यांनी साठी ओलांडली होती.

मनुष्य सामान्य असता, तर येथे कडवट होऊन घरी बसला असता. ओनील यांनी दुसराच मार्ग धरला. ज्यांची नावे कोणाच्या वहीत नव्हती, ज्यांपैकी कित्येकांच्या थडग्यांवर नावाचा दगडही नव्हता, अशा आपल्या सोबत्यांची आठवण जगापुढे मांडणे हे त्यांनी उरलेल्या आयुष्याचे व्रत केले. १९९० साली कॅन्सस सिटीत निग्रो लीगच्या इतिहासाचे संग्रहालय सुरू झाले, त्याचे ते आधारस्तंभ होते. आरंभी त्या संस्थेजवळ एक खोली होती आणि तिचे भाडे हे वृद्ध गृहस्थ आणि त्यांचे स्नेही आळीपाळीने भरीत. आज त्या संग्रहालयात मधोमध एक छोटे मैदान केले आहे आणि त्यावर जुन्या खेळाडूंचे ब्राँझचे पुतळे उभे आहेत. पाहणाऱ्यास ते मैदान आरंभापासून तारेच्या जाळीतून दिसत राहते. आत मात्र सगळा इतिहास पाहून झाल्यावरच जाता येते. बहिष्कार म्हणजे काय, हे दहा व्याख्यानांनी जे समजणार नाही, ते त्या जाळीने समजते. १९९४ साली केन बर्न्स यांचा बेसबॉलवरील प्रदीर्घ माहितीपट दूरचित्रवाणीवर झाला, त्यात ओनील यांनी सांगितलेल्या गोष्टी लक्षावधी घरांत ऐकल्या गेल्या आणि एक बुडालेले जग पुन्हा वर आले.

कीर्तिमंदिराच्या निवडसमितीतही त्यांनी जवळजवळ वीस वर्षे काम केले. तेथे ते इतरांसाठी भांडले. मंदिराची पूर्वपीठिकाही येथे सांगितली पाहिजे. १९७१ साली सॅचेल पेज यास प्रवेश देण्याचे ठरले, तेव्हा निग्रो लीगच्या खेळाडूंसाठी आत निराळा भाग करावा, अशी प्रथम योजना होती! देवळात घ्यावयाचे, पण गाभाऱ्यापासून दूर. लोकांनी ओरड केली म्हणून तो बेत सोडून द्यावा लागला. १९९५ च्या मार्चमध्ये लिऑन डे या गोलंदाजाची निवड झाली. ती बातमी त्यास रुग्णालयात खाटेवर पडल्या पडल्या कळली आणि सहा दिवसांनी तो मेला. सहा दिवस! अर्धे शतक ज्या न्यायाची वाट पाहिली, तो उपभोगावयास एक आठवडाही मिळाला नाही. यावरून मंदिराच्या चालकांस घड्याळाकडे पाहण्याची सवय लागावयास हवी होती.

ती लागली नाही, हे २००६ साली दिसून आले. निग्रो लीग आणि त्यापूर्वीचा काळ यांतील जे राहून गेले त्यांस एकदाच न्याय द्यावा, म्हणून १२ अभ्यासकांची खास समिती नेमली. तिच्यापुढे ३९ नावे होती. त्यांपैकी १७ जणांची निवड २७ फेब्रुवारी रोजी जाहीर झाली. सतराही मृत. यादीत जिवंत माणसे दोनच होती. एक बक ओनील आणि दुसरे मिनी मिन्योसो. दोघेही नापास. कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात शेकडो माणसे आनंदोत्सवाची तयारी करून जमली होती. त्यांच्यासमोर त्या वृद्धाने ही बातमी हसतमुखाने ऐकली. मतदान गुप्त होते, आणि नकाराचे कारण देण्याची तसदी समितीने घेतली नाही. पुढे त्या सतरा मृतांच्या वतीने बोलण्यास कोणी तरी हवे होते, तेव्हा यांसच आमंत्रण गेले. आणि ३० जुलै २००६ रोजी हे कूपर्सटाउनला गेले, आपल्या सोबत्यांचे गुण गायिले, आणि सभेतील सर्वांस एकमेकांचे हात धरावयास लावून प्रेमाचे एक लहानसे गाणे म्हणवून घेतले. त्यानंतर दहा आठवड्यांच्या आत ते निवर्तले.

मग मानांची रांग लागली. डिसेंबर २००६ मध्ये राष्ट्राध्यक्षांकडून देशाचे सर्वोच्च नागरी पदक मिळाले. २००८ साली कीर्तिमंदिरात त्यांचा पुतळा उभा राहिला आणि त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. म्हणजे मंदिराचा सभासद होण्यास जो अपात्र, त्याच्या नावाचा पुरस्कार मंदिर इतरांस देऊ लागले. मिनी मिन्योसो २०१५ साली वारले. आणि ५ डिसेंबर २०२१ रोजी, एकाच दिवशी, या दोघांचीही निवड झाली. जिवंत असता दोघांतही जे उणे होते, ते मरणाने भरून निघाले काय? त्या पंधरा वर्षांत ओनील यांनी एकही चेंडू मारला नव्हता, एकही खेळाडू हुडकला नव्हता. त्यांच्या चरित्रात नवी गोष्ट एकच घडली होती. ती म्हणजे त्यांचा मृत्यू.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप आकड्यांचा. कोणी म्हणतात की, खेळाडू म्हणून ओनील चांगले होते, पण पेज किंवा गिब्सन यांच्या तोडीचे नव्हते. हे आम्हांस मान्य आहे. स्वतः ओनीलही तसेच म्हणाले असते. परंतु त्यांचे कर्तृत्व खेळाडू, मॅनेजर, पारखी, प्रशिक्षक आणि इतिहासरक्षक अशा पाच कप्प्यांत वाटलेले आहे. प्रत्येक कप्पा निराळा तोलावयाचा, प्रत्येक वेळी पारडे थोडे हलके म्हणावयाचे, आणि पाचांची बेरीज कोणी करावयाची नाही, हा तराजूचा न्याय नव्हे, तराजूचा कावा आहे. शिवाय मेजर लीगमध्ये त्यांनी मॅनेजर म्हणून काय केले, हा प्रश्न कोणी विचारावा? ज्यांनी ते दार लावून धरले होते त्यांनी? हातपाय बांधून पाण्यात टाकावयाचे आणि मग पोहता येत नाही म्हणून परीक्षेत नापास करावयाचे, असला हा प्रकार आहे.

दुसरा आक्षेप, कधीच न होण्यापेक्षा उशिरा झालेले बरे. येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते, ती सोडविली पाहिजे. सत्याची दुरुस्ती ही एक गोष्ट आणि माणसाचा मान ही दुसरी. डिसेंबर २०२० मध्ये, १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगांस मेजर लीगचा दर्जा असल्याचे जाहीर झाले. आणि २०२४ च्या मेमध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत घेतले गेले. त्यामुळे जॉश गिब्सन हा कारकिर्दीच्या सरासरीत टाय कॉब याच्याही वर, म्हणजे सर्वांत अग्रस्थानी, आला. या दुरुस्तीचे आम्ही मनापासून स्वागत करतो. चुकीचा हिशेब शंभर वर्षांनी दुरुस्त केला तरी तो दुरुस्तच होतो, कारण हिशेबास मरण नाही. माणसास आहे. भुकेल्यास उद्या वाढलेले अन्न उशिरा का होईना पोचते. मेलेल्यास वाढलेले अन्न कावळेच खातात. ओनील यांचे नाव यादीत आले यात नोंदीचा न्याय झाला, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु यास ओनील यांचा सत्कार म्हणू नये. बैल गेल्यावर झोपा बांधणारास निदान शहाणपण आल्याचे श्रेय द्यावे. पण त्याने झोप्याचा उत्सव करून बैलाच्या मालकाकडून आभाराची अपेक्षा करावी, हे आमच्याने बोलवत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत घातक आहे. स्वतः ओनील यांच्या मनात कडवटपणा नव्हता. मग परक्यांनी तो का बाळगावा? ही गोष्ट खरी की, त्यांच्या तोंडून आपल्या दुर्दैवाचे रडगाणे कधी निघाले नाही. परंतु क्षमा हे अन्याय सोसणाऱ्याचे धन आहे. अन्याय करणाऱ्याची ती फारकतपावती नव्हे. सावकाराने मोठ्या मनाने तगादा सोडला, म्हणून कर्ज नव्हतेच असे ऋणकोने म्हणावे काय? आणि याहून वाईट असे की, अशा माणसाचा गोडवा पुढे मापकाठी होऊन बसतो. मग दुसरा कोणी रागाने बोलला, तर त्यास सांगण्यात येते, पाहा ते ओनील, किती सोसले आणि किती हसले! म्हणजे सोसणाऱ्याने सोसावयाचे तर सोसावयाचेच, पण वर पाहुण्यांचे मन राखण्यासाठी हसावयाचेही. ओनील यांचे हास्य हा त्यांच्या आत्म्याचा विजय होता. त्याचे पांघरूण करून आपली निष्क्रियता झाकण्याचा अधिकार कोणासही नाही.

अमेरिकेतील या गोष्टीशी आपले काय नाते, असे विचारणारास आम्ही एवढेच स्मरण देतो की, १८७३ साली जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करण्यासाठी झटलेल्या सज्जनांस अर्पण केला होता. महाराष्ट्राने तेव्हाच हे नाते जोडलेले आहे. आणि खेळाच्या मैदानापुरतेच पाहावयाचे, तर ज्या १९११ साली फ्लॉरिडात ओनील जन्मास आले, त्याच साली चर्मकार जातीत जन्मलेले पळवणकर बाळू यांनी इंग्लंडच्या दौऱ्यावर ११४ गडी बाद केले. पुण्यात हिंदूंच्या संघातून ते खेळत, तेव्हा मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चाले, पण चहा मात्र बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यातून मिळे. मुंबईच्या नामांकित सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस रीतसर कधीच लाभले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस १९२३ साली मिळाले, तेव्हा बाळू यांची खेळाची उमेद उलटून गेली होती. तेव्हा कूपर्सटाउनच्या लोकांस नावे ठेवताना आपण उंच ओट्यावर उभे आहोत, असा भ्रम आमच्या वाचकांनी करून घेऊ नये. आपल्याकडेही जयंत्या धूमधडाक्याने होतात, विशेषांक निघतात, रस्त्यांस नावे दिली जातात. ज्याचे नाव रस्त्यास दिले, त्यास तो रस्ता कधी मोकळा होता काय, हे विचारण्याची पद्धत मात्र पडली नाही.

मग खरा मान तो कोणता? आमचे उत्तर साधे आहे. प्रशिक्षकाचा मान त्यास मैदानावर पाठविण्यात आहे. विद्वानाचा मान त्यास अध्यापनाची जागा देण्यात आहे. ज्या माणसाच्या अंगी जो गुण आहे, तो गुण खर्च करण्याचा अधिकार, तो खर्चावयाची ताकद अंगात आहे तोवर त्याच्या हाती देणे, यापलीकडे सत्कार नाही. बाकी शाल, श्रीफळ, पदक, पट हा सारा त्याचा पडसाद आहे. मूळ आवाजच जेथे उठला नाही, तेथे पडसाद कशाचा ऐकावयाचा?

कॅन्सस सिटीच्या मैदानात ओनील यांच्या नावे एक गोष्ट अशी केलेली आहे की, तिच्यापुढे आम्ही मान लववितो. शेवटच्या वर्षांत ते तेथे मूळ ठाण्याच्या मागे एका ठराविक खुर्चीवर बसून खेळ पाहत. २००७ पासून निळ्या खुर्च्यांच्या रांगांत ती एक खुर्ची तांबडी केलेली आहे; आणि गावात लोकांच्या उपयोगी पडणाऱ्या एखाद्या स्त्रीस किंवा पुरुषास त्या मैदानावरील प्रत्येक सामन्यास त्या खुर्चीवर मानाने बसविले जाते. तेथे जो बसतो तो जिवंत असतो, खेळ पाहतो, टाळ्या त्याच्या कानांवर पडतात. कीर्तिमंदिरातील ब्राँझच्या पटापेक्षा या खुर्चीस ओनील यांचे मर्म अधिक कळले, असे आम्ही म्हणतो.

ओनील यांनी १९९६ साली आत्मचरित्र प्रसिद्ध केले. तुम्ही फार लवकर जन्मलात, थोडे उशिरा जन्मता तर मेजर लीगमध्ये चमकता, असे लोक त्यांस हळहळून म्हणत. त्यांनी ग्रंथास जे नाव दिले त्याचा अर्थ असा की, मी अगदी वेळेवर आलो. हे खरेच होते. ते वेळेवर आले, वेळेवर खेळले, वेळेवर शिकविते झाले. उशीर झाला तो यजमानांस. आणि यजमानांचा उशीर पाहुण्याच्या नावे खर्ची घालण्याची ही जुनी वहीच आता बंद केली पाहिजे. आज आपल्या शेजारी, आपल्याच गावात, कोणी बाकावर बसविलेला असेल. त्यास उठवून जागेवर पाठवावयाचे असेल, तर ते आजच. पुण्यतिथीची वाट पाहू नये.